‘हौस’ आली कुठून? उसन्या शब्दाचा माग असा काढा

मोडी कागदांचं देवनागरीत लिप्यंतर करणं हे माझं काम. वतनाचे, वाटणीचे, देवस्थानाच्या उत्पन्नाचे जुने कागद लोक घेऊन येतात आणि मी ते वाचून देते. या कागदांत अरबी-फारसी शब्दांची इतकी दाटी असते की त्यांची ओळख करून घेतल्याशिवाय ओळ पुढे सरकत नाही. त्यातूनच शब्दांचा माग काढायची सवय लागली.

‘अमुक शब्द मूळचा कुठला हो?’ असं लोक विचारतात आणि त्यांना एका शब्दाचं उत्तर हवं असतं: संस्कृत, कानडी, फारसी. पण तेवढ्यानं माग लागत नाही. शब्द कोणत्या वाटेनं आला, येताना त्याचं काय झालं आणि इथे आल्यावर त्याला कोणतं काम मिळालं, हे सगळं कळायला हवं. ते कसं शोधायचं हे एकाच शब्दावर दाखवते: हौस. मनाच्या लहरीसाठी मराठीने बाहेरून घेतलेला हा शब्द आता इतका घरचा झालाय की त्याच्या परकेपणाची कुणाला शंकाही येत नाही. आणि हिंदीतल्या ‘हवस’शी त्याचं नातं कळलं की माणसं दचकतात. नातवाच्या बारशाची पत्रिका घेऊन आलेल्या एका बाईंनी मला काळजीने विचारलं होतं, ‘मग यात हौसेनं असं लिहू नये का?’ खुशाल लिहावं. का, ते पुढे येईलच.

आधी वही, मग कोश

पहिलं काम म्हणजे वाक्यं गोळा करणं. कोशातला अर्थ आधी वाचला की कान तेवढाच अर्थ ऐकतो. म्हणून घरात, एसटीत, लग्नघरात, बाजारात जे कानावर पडेल ते जसंच्या तसं टिपा. ते प्रमाण भाषेत सुधारू नका. ‘हाऊस लई दांडगी’ असं ऐकलं तर तसंच लिहा, कारण उच्चारातला फरकही पुढे उपयोगी पडतो. माझ्या वहीतली थोडी वाक्यं:

‘पोरीची नथीची हौस पुरवली एकदाची.’
‘हौसेला मोल नाही.’
‘आत्याबाईंनी फार हौसेनं केलंय सगळं.’
‘नव्याची हौस, मग कोण बघतंय त्या कुंड्यांकडे!’
‘फिटली का हौस डोंगर चढायची?’
‘मला काय हौस आलीय का रात्रीची जागायची?’

जात्यावरच्या ओव्या विसरू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर आहे. ज्या बायकांनी कधी कागदाला हात लावला नाही त्यांची भाषा त्यात जपलेली आहे. तिथे ‘हौशा भरतार’ भेटतो. बायकोची आवड ओळखून ती पुरवणारा, स्वतःही रसिक असलेला नवरा. दरबारातून आलेला शब्द जात्यापाशी बसलेल्या बाईच्या तोंडी कौतुकाचा झालेला दिसला, की त्याच्या प्रवासाचा निम्मा अंदाज येतो.

क्रियापदं पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नामाचा स्वभाव त्याच्या सोबतच्या क्रियापदांतून कळतो, आणि कोश वाचणारे नेमकं हेच सोडून देतात.

हौस असते, वाटते, येते. इथवर ती इच्छेसारखीच आहे. पण ती संपते कशी? हौस पुरवतात, फेडतात, भागवतात. ती फिटते, भागते. आता ही क्रियापदं एरवी कुठे राबतात ते आठवा. कर्ज फिटतं, पांग फेडतात, नवस फेडतात. तहान भागते, भूक भागते, महिन्याचा खर्च भागतो. म्हणजे मराठीने हौसेला देण्याच्या आणि गरजेच्या रांगेत नेऊन बसवलं. मनात हौस आली की कुणीतरी तिचं देणं लागतं: आईबाप, नवरा, मुलगा, नाहीतर आपण स्वतः. ती फिटेपर्यंत खात्यावर राहते. ‘आईची काशीला जायची हौस राहूनच गेली’ या वाक्यातली रुखरुख त्या न फिटलेल्या देण्याची आहे. ‘इच्छा राहून गेली’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला एवढं लागत नाही.

आता शेजारचे शब्द घ्या. लहर येते, लागते, फिरते. ती कुणी फेडत नाही, तिचं कुणी देणं लागत नाही. खूळ डोक्यात शिरतं आणि काढावं लागतं. नाद लागतो, तो सुटत नाही. छंदही लागतो, पण छंद जोपासतात. मर्जी मात्र नेहमी वरच्याची असते. ती सांभाळायची, राखायची, आणि माणूस तिच्यातून उतरला की संपलं. मर्जीही अरबीतून आलेली. पेशवाईतल्या पत्रांत ती जागोजागी भेटते, कारण ज्याच्या हाती हुकूम त्याच्या मनात काय आलं याला तिथे महत्त्व होतं. हौसेला हुकमाची गरज नाही. चार बांगड्यांचीही हौस असते, आणि ती कुणालाही असू शकते.

क्रियापदांनंतर प्रश्न आणि नकार तपासा. ‘मला काय हौस आलीय का रात्रीची जागायची?’ इथे हौस म्हणजे काय? गरज नसताना, कुणी भाग पाडलेलं नसताना, केवळ वाटलं म्हणून. सरळ वाक्यात हा गाभा आनंदाखाली झाकलेला असतो, चिडलेल्या प्रश्नात तो उघडा पडतो. कोणत्याही शब्दाचा गाभा पकडायचा असेल तर तो रागात, तक्रारीत, नकारात कसा येतो ते जरूर बघा. ‘हौस जिरली’, ‘फिटली एकदाची हौस’ ही वाक्यंही त्यातलीच. कुणी जबरदस्ती केली नव्हती, आपणच गेलो आणि आता पुरे झालं, असा त्यांचा सूर.

जत्रेत येणाऱ्यांची जुनी वाटणी इथे हाताशी ठेवा: हौशे, नवशे आणि गवशे. नवशे नवस फेडायला येतात, गवशे काही गवसतंय का ते बघायला, आणि हौशे केवळ यावंसं वाटलं म्हणून. हौसेची इतकी नेटकी व्याख्या मला कुठल्या कोशात सापडलेली नाही.

आता कोश

चार कोश पुरतात. पहिला मोल्सवर्थचा: पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७. त्यात शब्दापाशी मूळ भाषेसाठी एक रोमन अक्षर दिलेलं असतं. संस्कृत, अरबी, फारसी, हिंदुस्थानी अशी. हे अक्षर म्हणजे निवाडा समजू नका, ती पुढच्या शोधाची दिशा. दुसरा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, १९३२ पासून खंडाखंडाने निघालेला. म्हणी, वाक्प्रचार आणि बोलीतली रूपं पाहायला त्याच्यासारखा दुसरा नाही. तिसरा माधव त्रिंबक पटवर्धन यांचा ‘फार्शी-मराठी कोश’, १९२५ चा. चौथा कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’, १९४६ चा. फारसी बाजू पक्की करायची तर स्टाइनगासचा फारसी कोश आणि प्लॅट्सचा उर्दू कोश आहेत. मोल्सवर्थ, प्लॅट्स आणि स्टाइनगास हे तिन्ही शिकागो विद्यापीठाने संगणकावर शोधता येतील असे खुले ठेवले आहेत.

शब्द एकाच स्पेलिंगने शोधू नका. जुनी माणसं कानाने लिहीत. हौस, हवस, हाऊस, हावस, सगळी रूपं पाहा. संगणकावर नुसतं ‘हौस’ टाकलंत तर ‘हौसिंग सोसायटी’चे कागदही गळ्यात पडतील, ते बाजूला करा.

वाट आणि काळ

मूळ शब्द अरबी: हवस. तिथे त्याचा अर्थ डोक्यात शिरलेलं वेड, भ्रम, झपाटलेपण. आजच्या अरबीतही उन्माद या मानसिक आजाराला हाच शब्द वापरतात. अरबीतून तो फारसीत गेला आणि तिथे मऊ झाला: क्षणिक इच्छा, लहर, एखादी गोष्ट खाविशी वाटणं. लहरी, चंचल माणसाला फारसीत ‘हवसबाझ’ म्हणतात. मराठीकडे आला तो या फारसी वाटेनं, हे लक्षात ठेवा. अरबी मूळ असलेले आपले बहुतेक जुने शब्द फारसीच्या हातून आलेले आहेत, म्हणून अर्थ ताडायचा तो आधी फारसीशी. थेट अरबीशी ताडलात तर ‘हौस म्हणजे वेड’ असं भलतंच काही सांगत सुटाल.

दख्खनेत बहमनी सत्ता १३४७ मध्ये उभी राहिली आणि पुढे निजामशाही, आदिलशाही असे तिचे तुकडे झाले. या सगळ्या काळात दरबाराची भाषा फारसी, गावची मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये देशमुख, कुलकर्णी, हिशेबनीस, शिलेदार. त्यांच्यामार्फत शब्द दोन रांगांनी आले. एक रांग कागदावरची: अर्ज, फिर्याद, वसूल, दप्तर. दुसरी तोंडातली: मजा, खुशी, मौज, हौस. पहिल्या रांगेतल्या शब्दांना तारीख लावणं सोपं, कारण ते सनदांत, महजरांत (सभेने दिलेल्या निवाड्याच्या कागदांत) मिळतात. दुसऱ्या रांगेतले शब्द कागदावर उतरण्याआधी बराच काळ बोलण्यात असतात. म्हणून ‘सर्वात जुना कागद अमुक सालचा, तेव्हा शब्द त्या साली आला’ असं लिहू नये. ‘अमुक सालच्या कागदात आढळतो’ एवढंच लिहावं.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्याचा रोख कारभारातल्या फारसी शब्दांवर होता. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली. ज्या पटवर्धनांनी फार्शी-मराठी कोश केला तेच पुढे तिचे कडवे पुरस्कर्ते झाले. या साऱ्यातून हौस सुखरूप राहिली. माझ्या मते कारण साधं आहे: तिच्या जागी बसेल असा शब्दच नव्हता. ‘इच्छा’ फार थंड, ‘वासना’ जड, ‘उत्साह’ कामाला जुंपलेला. गरज नसलेली, आनंदाची, फेडावी लागणारी इच्छा सांगायला मराठीपाशी दुसरं काही नाही.

फसवे सोयरे

देवनागरीत सारखे दिसणारे शब्द मुळात वेगळे असू शकतात. हौस आणि हिंदीतला ‘हौसला’ शेजारी ठेवा. एकाच घरातले वाटतात, पण त्यांचा संबंध नाही. हौसेच्या मुळात साधा ‘ह’ आणि साधा ‘स’, म्हणजे ‘हे’ आणि ‘सीन’ ही अक्षरं. हौसल्यात घशातून येणारा ‘ह’ आणि जाड ‘स’, म्हणजे ‘साद’. त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ पक्ष्याच्या गळ्यातली दाणे साठवायची पिशवी. त्यावरून मावण्याची ताकद, मग धीर, मग हिंमत. तसंच ‘होशहवास’मधला ‘हवास’. तो इंद्रियं या अर्थाचा वेगळाच अरबी शब्द. देवनागरीत हे सगळे ‘ह’ आणि ‘स’ एक झाले, म्हणून उसना शब्द तपासताना तो मूळ लिपीत कोणत्या अक्षरांनी लिहितात ते पाहायलाच हवं. उर्दू वर्णमाला शिकायला फार वेळ लागत नाही. ज्यांना हा नाद लागलाय त्यांनी ती शिकावीच.

लांबची भावंडं

एकच शब्द दुसऱ्या भाषांत जाऊन काय झाला ते बघितल्याशिवाय माग पुरा होत नाही. उर्दू काव्यात इश्क आणि हवस हे एकमेकांसमोर उभे केले गेले. एक खरं प्रेम, दुसरी देहाची नाहीतर मानाची हाव. त्या जोडीत हवसेच्या वाट्याला काळी बाजू आली आणि हिंदीने तीच उचलली. दुसऱ्या टोकाला तुर्की. तिथे ‘हेवेस’ म्हणजे उमेद, आवड, करून बघायची ओढ. ‘हेवेस’ भागली असं सांगायला तुर्कीत वाक्प्रचार आहे आणि पोटापाण्यासाठी नव्हे तर आवडीखातर एखादी कला करणारा तो ‘हेवेसकार’. म्हणजे आपला हौशी कलावंतच! इस्तंबूल आणि साताऱ्याच्या माणसांनी एकमेकांना विचारून हे केलेलं नाही. फारसीतून निघालेल्या शब्दाने दोन टोकांना तेच उजेडाचं वळण घेतलं. हे दिसल्यावर ‘खरा अर्थ हिंदीतला, आपण तो चुकीचा वापरतो’ हा समज टिकत नाही. बारशाच्या पत्रिकेवर ‘हौसेनं’ लिहिणारी आजी भाषेला धरूनच लिहिते आहे.

मराठीत हौस उजळ का झाली? माझा तर्क असा की काळी बाजू सांगायला हाव, लालसा, वासना आधीच बसलेल्या होत्या. रिकामी होती ती आनंदाची जागा. अलीकडे गुन्ह्यांच्या बातम्यांतून ‘हवस’ हिंदीमार्गे मराठीत पुन्हा येते आहे. ती वेगळी उसनवारी समजा. एकाच पूर्वजाचे दोन वंशज एका भाषेत वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दारांनी येऊ शकतात. त्यांची नोंद स्वतंत्र करावी.

घरचा झाला का?

याची परीक्षा व्याकरण घेतं. म्हैस–म्हशी, ससा–सशाला, पैसा–पैशाने, यांत ‘स’चा ‘श’ होतो, ही मराठीची स्वतःची खोड. हौस–हौशी, हौशा, हौशे यांतही तेच घडतं. परक्या शब्दाने ही खोड उचलली की तो मुरला म्हणायचा. ‘हौशी’ने तर पुढे मोठं काम पत्करलं: हौशी रंगभूमी, हौशी नाट्यस्पर्धा, हौशी कबड्डी. पैशांसाठी न खेळणारा, न नाचणारा माणूस सांगायला आपण हाच शब्द निवडला, आणि तो निवडताना हौशी म्हणजे कच्चा असं कुणाच्या मनात नव्हतं. आज कुणी ‘हौशी काम’ असं नाक मुरडून म्हणतं तेव्हा मला वाईट वाटतं.

शब्द मुरल्याची याहून मोठी खूण म्हणजे तो मुलीचं नाव होतो. प्रतिसरकारच्या लढ्यात काम केलेल्या, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील सगळ्यांना ठाऊक आहेत. माझ्या आईच्या आत्याचं नावही हौसा. ज्या मुलखात मुलींना ‘नकोशी’ नाव ठेवलं गेलं आणि २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ती नावं समारंभाने बदलावी लागली, त्याच मुलखात कुणी आपल्या लेकीला हौसा म्हणून हाक मारली. अरबीतलं वेड इथपर्यंत आलं.

नोंद लिहा

शेवटी सगळं एका कार्डावर उतरवा, नाहीतर केलेलं काम विसरतं. हौसेचं कार्ड असं:

हौस, स्त्रीलिंगी. रूपं: हौसेने, हौसेला, हौशी, हौशा, हौशे, बोलीत हाऊस. वाट: अरबी हवस (वेड, भ्रम), फारसी हवस (लहर, क्षणिक इच्छा), त्यातून मराठी. अर्थ: १. गरज नसताना, केवळ वाटलं म्हणून होणारी इच्छा. २. ती पुरी करण्यातला आनंद. ‘हौसेनं’ म्हणजे मन लावून, कौतुकाने. ३. प्रश्नात किंवा नकारात: विनाकारण. क्रियापदं: पुरवणे, फेडणे, भागवणे, फिटणे, जिरणे, राहणे. जोडशब्द: हौसमौज. संबंध नाही: हौसला, होशहवास. वेगळी नोंद: हवस (अलीकडे, हिंदीतून).

कार्डाच्या मागे प्रत्येक वाक्य कुठल्या गावी, कोणत्या वयाच्या माणसाकडून ऐकलं ते लिहा. नाव लिहायची गरज नाही.

हात बसला की त्याच जोडशब्दातली ‘मौज’ घ्या. अरबीत मौज म्हणजे पाण्याची लाट. आणि आपल्याकडे संस्कृतातून आलेली ‘लहर’ही लाटच. दोन वेगळ्या घराण्यांतल्या भाषांनी मनात उठणाऱ्या गोष्टीला लाट म्हटलं, आणि दोन्ही शब्द मराठीत एकत्र नांदतात. पण मौज करतात, मौज वाटते, मौज येते. लहर मात्र करता येत नाही. असं का, याचं उत्तर क्रियापदांपासूनच शोधायला घ्या.